जुनं टू-स्ट्रोक मशीन घेताना रंग बघू नका, मीठ आणि तेलाचा माग काढा

प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गात खाडीकाठी राहणाऱ्या एका तरुणाकडे १६ फुटी फायबरची होडी आहे. गळाने मासे पकडणं, कधी पाहुण्यांना खाडीत फिरवणं आणि हवा चांगली असेल तेव्हा खाडीच्या मुखाबाहेर दोन-तीन किलोमीटर जाणं, एवढाच वापर. नवं मशीन परवडत नाही. समोर तीन जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहेत, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी मशीन. एक यामाहाचं १५ हॉर्सपॉवरचं, बाराएक वर्षं चाललेलं, रंग उडालेलं. दुसरं यामाहाचंच ४० चं, नुकतं रंगवलेलं, चकचकीत. तिसरं २५ चं एव्हिनरूड, मुंबईहून आलेलं आणि तिघांत सगळ्यात स्वस्त. यातलं कोणतं घ्यावं आणि घेण्याआधी काय तपासावं?

माझं उत्तर १५ चं, पण पुढच्या तपासण्यांत ते उतरलं तरच. नाही उतरलं तर तिन्ही सोडा आणि महिनाभर थांबा. वाईट मशीन घेऊन खाडीच्या तोंडावर ओहोटीच्या ओढीत बंद पडण्यापेक्षा वल्ह्यांवर आणखी एक महिना काढलेला बरा.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. टू-स्ट्रोक आउटबोर्ड खऱ्या अर्थाने संपतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या आतल्या वाटांत साचलेलं मीठ, आणि दुसरं म्हणजे पेट्रोलमध्ये तेल न मिसळणं किंवा कमी मिसळणं. कार्बोरेटर तुंबला, प्लग गेले, दोरीची स्प्रिंग तुटली, पंख्याचं पातं वाकलं, ही सगळी कामं गावातला मेकॅनिक एका दुपारी उरकतो. मिठाने आणि कोरड्या चालण्याने झालेलं नुकसान मात्र ब्लॉकच्या आत असतं, बाहेरून दिसत नाही, आणि त्याच्या दुरुस्तीत मशीनची किंमत निघून जाते. म्हणून खरेदी करताना सगळी मेहनत या दोन गोष्टींचा माग काढण्यात घाला.

एव्हिनरूडचं आधी बोलतो, कारण त्यात फार विचार करण्यासारखं नाही. मशीन म्हणून ते वाईट नाही. पण या कंपनीने २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणं थांबवलं. काही सुटे भाग बाहेरच्या कंपन्या अजून बनवतात, पण ते मागवावे लागतात. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात इम्पेलर, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, फाटला आणि तो यायला तीन आठवडे लागले, तर स्वस्ताईचा हिशोब तिथेच उलटतो. जुनं मशीन घेताना पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीचं चांगलं’ हा नसतो. ‘माझ्या बंदरावर बहुतेकांकडे काय आहे’ हा असतो. शेजाऱ्याच्या जुन्या मशीनचा, प्लगला ठिणगी देणारा कॉइल काढून तुमच्याला लावता येणं, ही सोय कुठल्याही वॉरंटीपेक्षा मोठी आहे.

आता ४० चं. तरुण माणसाला तेच खुणावणार, मला कळतं. पण ते सत्तर किलोच्या आसपास वजनाचं आहे आणि ते सगळं वजन होडीच्या अगदी मागच्या फळीवर बसतं. त्यात इंधनाची टाकी मागे, चालवणारा माणूस मागे. मुखाशी मागून लाट आली की पाणी थेट आत. शिवाय होडी बांधणाऱ्याने जेवढ्या हॉर्सपॉवरची शिफारस केली असेल, त्यापुढे गेलात तर ट्रान्सम, म्हणजे ती मागची फळी, हळूहळू चिरते. फायबरच्या आत लाकूड असतं, चिरेतून पाणी मुरलं की ते कुजतं. खर्चही बघा. कार्बोरेटरवालं १५ चं टू-स्ट्रोक पूर्ण रेसवर तासाला ढोबळमानाने ६-७ लिटर पितं, ४० चं त्याच्या अडीच पटीच्या घरात. १५ वर दोन माणसांसह तुमची होडी पाण्यावर उठेल, म्हणजे पाणी कापत न जाता वरून सरकेल. चार माणसं आणि बर्फाची पेटी घेतली तर बहुधा उठणार नाही, पण तुमच्या अंतरासाठी त्याने काही बिघडत नाही.

१५ चं मशीन ३५ ते ४० किलोत बसतं. एक माणूस ते खांद्यावर घेऊन पुळणीवरून घरी नेऊ शकतो. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या आसपास जातं. जुनं टू-स्ट्रोक घेण्याला आज जी काही कारणं उरली आहेत त्यांत हे हलकेपण सगळ्यात खरं आहे. दुसरं कारण म्हणजे त्यात व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, तेलाचा सम्प नाही, त्यामुळे ते कुठेही खोलता येतं. धूर आणि इंधनाची भूक हे त्याचे दोष आहेत आणि ते मान्य करूनच घ्यायचं. आणखी एक माहिती उपयोगी पडेल: यामाहाच्या ९.९ आणि १५ च्या दोन सिलिंडरवाल्या टू-स्ट्रोकचा ब्लॉक एकच, २४६ सीसीचा. त्यामुळे बंदरावर कुणाचं ९.९ भंगारात निघालं तर त्याचे बरेच भाग तुमच्या कामाचे.

मशीन बघायला जाण्याआधी घरी एक माप घ्या. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतची उभी उंची मोजा. ३८ सेंटिमीटर, म्हणजे १५ इंच असेल तर आखूड शाफ्टचं मशीन लागतं, ५१ सेंटिमीटर, म्हणजे २० इंच असेल तर लांब शाफ्टचं. यामाहाच्या मॉडेलच्या नावात शेवटचं अक्षर एस म्हणजे आखूड, एल म्हणजे लांब. एम म्हणजे दोरीने चालू होणारं, एच म्हणजे हाताच्या दांड्याने वळणारं, सुरुवातीचा ई म्हणजे एन्ड्युरो, कष्टाच्या कामासाठी बनवलेली मालिका. आखूड मशीन उंच ट्रान्समवर लावलं तर लाटेत पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळतं, आणि पाण्याचा पंपही हवाच ओढतो. लांब मशीन कमी उंचीच्या होडीला लावलं तर ओहोटीला ते खाडीतला वाळूचा बांध नांगरत जातं. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली आली पाहिजे. उलांडी असलेल्या लाकडी होडीवर बाजूला ब्रॅकेट लावून मशीन बसवणार असाल तर माप ब्रॅकेटच्या फळीवरून घ्या.

आता तपासणी. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येण्याआधी मशीन चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा झाकणाखाली हात घालून ब्लॉकला लावा. कोमट लागला तर तो माणूस काहीतरी लपवतोय असं लगेच म्हणू नका, पण तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकला. गार मशीन किती ओढींत चालू होतं, हे तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी बघायचं आहे. चांगलं टू-स्ट्रोक चोक ओढून तीन-चार ओढींत बोलतं.

मग थेट प्रश्न विचारा: समुद्रावरून आल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुता का, आणि कसं? उत्तर ऐकण्यापेक्षा अंगण बघा. गोड्या पाण्याचं पिंप, त्यावर मशीन टांगायची फळी, पिंपात तेलाचा तवंग, हे दिसलं की मला निम्मी खात्री पटते. मे महिन्यात आपल्याकडे विहिरी तळाला जातात, प्यायला पाणी पुरत नाही, तिथे मशीन धुवायला कोण देणार? नेमक्या त्याच दिवसांत हवा तापलेली असते आणि आतल्या वाटांत मीठ धरतं. म्हणून ‘उन्हाळ्यात काय करता’ हा वेगळा प्रश्न विचारा. खरं बोलणारा माणूस तिथे अडखळतो आणि मग सगळं नीट सांगतो.

झाकण काढल्यावर रंगाकडे दुर्लक्ष करा. सिलिंडर हेडच्या कडेला, एक्झॉस्टच्या कव्हराभोवती, थर्मोस्टॅटच्या, म्हणजे मशीन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या, टोपीखाली पांढरी भुकटी किंवा पापुद्रे दिसतात का बघा. तिथून पाणी झिरपून सुकलेलं असतं. बोल्टांची डोकी बघा. कोपरे झिजलेले असतील तर मशीन उघडलेलं आहे. उघडलं म्हणून वाईट असं नाही, पण का उघडलं ते कळलं पाहिजे. सांध्यातून सिलिकॉन बाहेर आलेलं दिसलं तर काम घाईत झालेलं आहे. आणि तुमच्या त्या चकचकीत ४० बद्दल एवढंच सांगतो: जुन्या मशीनवर झाकणाच्या आतल्या बाजूलाही ताजा रंग असेल, बोल्टांवरही रंग असेल, तर तो रंग विकण्यासाठीच मारलेला आहे.

झिंक बघा. मशीनच्या खालच्या अंगाला, पाण्यात राहणाऱ्या भागावर राखाडी धातूचा एक तुकडा बोल्टने बसवलेला असतो. समुद्राच्या पाण्याने जी झीज व्हायची ती या तुकड्याने स्वतःवर घ्यावी म्हणून तो असतो. अर्धा खाल्लेला तुकडा ही चांगली खूण आहे, तो काम करत होता. तुकडाच नसेल किंवा त्यावर रंग मारलेला असेल, तर झीज ॲल्युमिनियमच्या घराने सोसली आहे. अशा वेळी खालच्या गिअरबॉक्सवर रंगाखाली फोड आलेले दिसतील. नखाने दाबून बघा.

यानंतर दोन्ही प्लग काढा. कोणता कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही चहाच्या रंगाचे, थोडे तेलकट, हे निरोगी लक्षण. एक काळा आणि दुसरा धुऊन काढल्यासारखा पांढरा असेल तर त्या पांढऱ्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, बहुधा हेडच्या गॅस्केटमधून. प्लगच्या टोकावर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर पिस्टन वितळू लागला आहे. तिथेच नमस्कार करून निघा.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. गेज मोटरसायकलच्या गॅरेजमधून मागून आणा, पण त्याचे आटे बघून घ्या. यामाहाच्या १५ ला बी७एचएस-१० हा प्लग लागतो, त्याचे आटे १४ मिलिमीटरचे आणि आखूड, जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या प्लगसारखे. लांब आट्यांचा अडॅप्टर आत घातला तर पिस्टनवर आपटेल. दोन्ही प्लग बाहेर ठेवा, त्यांच्या वायरी ब्लॉकला टेकवून ठेवा म्हणजे कॉइलवर ताण येणार नाही. आणि आता बहुतेक जण जिथे चुकतात ते: रेस पूर्ण उघडी पाहिजे. न्यूट्रलमध्ये दांड्याची मूठ पूर्ण फिरत नाही, तशी ती मुद्दाम अडवलेली असते. म्हणून कार्बोरेटरची झडप बोटाने उघडी धरायला दुसरा माणूस घ्या. झडप बंद ठेवून घेतलेला आकडा कमी येतो आणि चांगलं मशीन वाईट ठरतं. काटा वर चढायचा थांबेपर्यंत जोरात पाच-सहा ओढी द्या. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, या वर्गातल्या मशीनला साधारण ९० ते १२० पाउंडांच्या (गेजवर पीएसआय) दरम्यान यावा. पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो १० टक्क्यांच्या आत हवा. ९५ आणि ९२ चं मशीन मी डोळे मिटून घेईन, ११५ आणि ८५ चं घेणार नाही. पाणी कमी पडलं की वरचा सिलिंडर आधी तापतो, म्हणून कमी आकडा बहुतेकदा वरचाच निघतो, आणि ती मिठाची साक्ष असते.

हल्ली मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून आत सोडून सिलिंडरची भिंत बघता येते. उभ्या ओरखड्यांच्या रेघा, त्यांत चिकटलेलं ॲल्युमिनियम दिसलं तर मशीन एकदा तेलाविना चाललेलं किंवा तापून धरलेलं, म्हणजे पिस्टन आत अडकून बसलेलं आहे. सुटल्यावर पुन्हा चालूही झालं असेल. टू-स्ट्रोकचं असंच असतं, धरतं, गार झाल्यावर सुटतं, आणि मालक म्हणतो ‘काही झालं नाही’. पुढच्या वेळी ते भर समुद्रात धरतं.

खालच्या गिअरबॉक्सकडे लोक कमी बघतात, आणि आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. कारण जाळी. नायलॉनचा दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो, फिरून फिरून शाफ्टच्या सीलमध्ये घुसतो, सील कापतो, आणि तिथून समुद्राचं पाणी गिअरमध्ये शिरतं. वरून मशीन ठणठणीत चालत असतं. विकणाऱ्याच्या परवानगीने खालचा तेलाचा स्क्रू सैल करा आणि पहिले चार थेंब बोटावर घ्या. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं, म्हणून जे पहिलं बाहेर येतं तेच खरं. पांढरट, दुधाळ तेल म्हणजे पाणी आत आहे. काळं पण नितळ तेल म्हणजे बदललेलं नाही इतकंच. अगदी नवं, सोनेरी तेल असेल तर ते कधी बदललं ते विचारा. काल बदललेलं तेल काहीच सांगत नाही. मग समुद्रावर चालवून आल्यावर, अर्धा तास उभं ठेवून, पुन्हा चार थेंब काढा. स्क्रूवर चुंबक असेल तर त्यावर बारीक राखेसारखी पूड चालते, टोचणारे कण चालत नाहीत. पंखा काढून मागे दोरा आहे का बघाच, आणि न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवून शेजारी पेन्सिल स्थिर धरा. शाफ्टचं टोक पेन्सिलीपासून जवळ-लांब होत असेल तर तो वाकलेला आहे, खडकावर बसलेला आहे.

माझी सगळ्यात आवडती तपासणी यानंतरची. विकणाऱ्याला म्हणा, ‘खालचा गिअरबॉक्स उतरवून इम्पेलर दाखवा.’ थोडेच बोल्ट असतात. ते पान्याने सरळ सुटले, त्यांना ग्रीस दिसलं, तर हे मशीन कुणीतरी वेळच्या वेळी उघडून राखलेलं आहे आणि बाकीच्या बऱ्याच शंका तिथेच मिटतात. बोल्ट हलले नाहीत तर इम्पेलर कैक वर्षं बदललेला नाही. जबरदस्तीने सोडवताना बोल्ट तुटू शकतो, म्हणून खर्च कुणाचा हे आधी ठरवा. मी तरी म्हणतो, निम्मा तुम्ही सोसायची तयारी दाखवा, कारण ही माहिती त्या बोल्टपेक्षा मोलाची आहे. आत इम्पेलरची रबरी पाती एका बाजूला झोपलेली, ताठर झालेली असतील तर बदलायची. पातं तुटून गायब असेल तर त्याचा तुकडा वर पाण्याच्या वाटेत अडकलेला आहे. तो शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर टाकून उपयोग नाही.

बुडालेलं मशीन ओळखणं ही आणखी एक गोष्ट. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तौक्ते मे २०२१ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बाजूने गेलं. त्या पट्ट्यातलं मशीन असेल तर ते पाण्याखाली गेलं होतं का, हे थेट विचारा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. बुडालेलं मशीन तासा-दोन तासांत बाहेर काढून, गोड्या पाण्याने धुऊन, तेल भरून फिरवलं तर वाचतं. दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच पडलं तर क्रँकच्या बेअरिंगांवर गंज बसतो. टू-स्ट्रोकच्या क्रँकला गोळ्या-सुयांची बेअरिंग असतात, त्यांना गंजाचा एक खड्डा पुरतो. फ्लायव्हीलच्या खाली डोकावून बघा. तिथे गाळ, वाळू किंवा मिठाचा थर सापडला तर तो तिथे शिंतोड्यांनी गेलेला नाही.

हे सगळं झालं की पाण्यावर चला. पिंपात चालवून दाखवलेलं मशीन म्हणजे काहीच नाही, पिंपात भार नसतो. तुमचीच होडी न्या, तुम्ही, विकणारा आणि आणखी एक जण, अशी तीन माणसं बसा. आधी दहा मिनिटं मध्यम चाल. मागून पाण्याची धार सतत आणि सारख्या जोराने पडली पाहिजे. ती कोमट लागावी, हाताला चटका बसू नये. धार बारीक झाली तर लगेच निष्कर्ष काढू नका, भोकात मिठाचा खडा किंवा माती असू शकते, तारेने साफ करून बघा. मग दहा मिनिटं पूर्ण रेस. इथे मशीन गुदमरतंय का, गिअर सटकतोय का हे कळतं. भार आल्यावर ‘टक्’ करून गिअर निसटत असेल तर आतले दात झिजले आहेत. रेस वाढते पण होडी पुढे जात नाही, असं असेल तर पंख्याच्या आतला रबराचा बुश घसरतोय, ती स्वस्त दुरुस्ती आहे. आकडा बघायचा असेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो. बहुतेक अशी मशीन पूर्ण रेसवर ४,५०० ते ५,५०० फेऱ्यांत असावीत. तुमच्या भाराला ४,००० च्या आतच अडकली तर पंखा जास्त पिचचा आहे, म्हणजे एका फेरीत जास्त अंतर कापायला बघतो, एक नंबर कमी पिचचा बसवा. जड पंख्याने ओढत राहिलेलं मशीन आतून तापतं.

परत किनाऱ्याशी येऊन पाच मिनिटं मंद चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. गार असताना पटकन चालू होणारी पण गरम झाल्यावर न बोलणारी मशीन पुष्कळ असतात. कॉइल किंवा सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गरम झाल्यावर दगा देतो आणि गार झाल्यावर शहाण्यासारखा वागतो. आणि हाताला बांधायची लाल दोरी ओढून मशीन जागच्या जागी बंद होतं का, गिअर टाकलेला असताना चालू करायची दोरी ओढली तर मशीन चालू होण्याला अडवतं का, हे दोन्ही बघा. एकट्याने होडी चालवणाऱ्याचा जीव या दोन खटक्यांवर असतो. यांत बिघाड असेल तर तो दुरुस्त करूनच पहिल्यांदा पाण्यात जा.

तेलाचं बोलायलाच हवं, कारण जुन्या टू-स्ट्रोकचं पुढचं आयुष्य त्यावर आहे. विकणाऱ्याला विचारा, कोणतं तेल टाकता? टीसी-डब्ल्यू३ हे आउटबोर्डचं तेल आहे. त्यात राख तयार करणारे धातूचे घटक नसतात. स्कूटर-मोटरसायकलचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी आहे. पाण्याने थंड राहणाऱ्या आउटबोर्डमध्ये ते रोज वापरलं तर प्लग आणि पिस्टनच्या कड्यांमागे कीट धरतं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात किंवा पट्टीवर असेल तेच, बहुतेकांना ५० ला १, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. ‘थोडं जास्तच टाकतो, सुरक्षित’ असं म्हणणारा विकणारा मला चालतो. ‘कमी टाकतो, धूर होत नाही’ म्हणणाऱ्याचं मशीन घेऊ नका.

आणि आता यात एक नवीन अडचण आली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या आउटबोर्डच्या कंपन्यांनी साधारण १० टक्क्यांपर्यंतचंच गृहीत धरलेलं आहे. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि समुद्रावर दमटपणाला काय तोटा? पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. त्या थरात तेल विरघळत नाही, म्हणजे मशीनला तेलाशिवायचा घोट मिळतो. मालक म्हणतो ‘मी तेल बरोबर टाकलं होतं’, आणि तो खरंच बोलत असतो. म्हणून मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन दिवसांपुरतंच बनवा, टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही, मशीनच्या आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि आठवडाभर चालवायचं नसेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि आतून सोलतात, त्या पहिल्याच दिवशी बदलायच्या.

रॉकेलवर चालणारं मशीन कुणी दाखवलं तर ते वेगळ्या हिशोबाचं आहे. ते पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावर रॉकेलवर वळवतात, त्याचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, आणि एक्झॉस्टच्या वाटांत काजळी भरपूर. रॉकेल मिळवणंच आता जिकिरीचं झालंय. तुम्ही त्या फंदात पडू नका.

कागदांचं थोडक्यात. मशीन ट्रान्समला आवळणाऱ्या क्लॅम्पवरच्या पट्टीवरचा नंबर वाचता आला पाहिजे. पट्टी नसेल किंवा घासलेली असेल तर मशीन कितीही चांगलं असो, परत फिरा. आउटबोर्ड चोरीला जातात आणि होडीतून उतरवायला पाच मिनिटं लागतात. मूळ बिल मागा, ते नसेल तर नंबर लिहून सही केलेली विक्रीची पावती घ्या. मासेमारी होडीच्या नोंदणीत इंजिनाची नोंद असते, ती बदलून घ्यावी लागेल. सरकारी अनुदानावर घेतलेलं मशीन असेल तर ते विकण्याला अटी असू शकतात, तेव्हा पैसे देण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला विचारा. आणि पाहुण्यांकडून पैसे घेऊन फिरवणार असाल तर तो वेगळा व्यवसाय होतो. महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी, होडीची तपासणी, लाइफ जॅकेट हे सगळं आधी, पाहुणे नंतर.

किमतीत माझा साधा नियम: तपासणीत पूर्ण उतरलेलं, धुतलेलं-राखलेलं मशीन असेल तरी त्याच ताकदीच्या नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि इम्पेलर, थर्मोस्टॅट, नळ्या, झिंक, प्लग, गिअरचं तेल यांचा खर्च त्या निम्म्यातून वजा करा. वेळ मेच्या मध्यापर्यंतची धरा. पावसाळी बंदीच्या तोंडावर लोक मशीन विकायला काढतात आणि समुद्रही अजून चालवून बघण्याजोगा असतो. जूनमध्ये भाव आणखी उतरतील, पण तेव्हा तुम्हाला फक्त पिंप बघायला मिळेल. नारळी पौर्णिमेच्या आसपास घ्यायला गेलात तर सगळेच घ्यायला आलेले असतात.

मशीन घरी आलं की पहिल्या आठवड्यात, एकदाही मुखाबाहेर न जाता, या गोष्टी करा: नवा इम्पेलर आणि त्याला शाफ्टवर अडकवून ठेवणारी छोटी चावी, थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात उघडतो का ते बघणं, दोन्ही प्लग, इंधनाची नळी आणि हाताने दाबायचा फुगा, गिअरचं तेल आणि स्क्रूंचे वॉशर, झिंक, कार्बोरेटरची सफाई. थर्मोस्टॅट अडकलेला निघाला तर काढून फेकू नका, नवा बसवा. त्याच्याशिवाय मशीन गारच राहतं, नीट जळत नाही आणि प्लग काळे करतं. क्लॅम्पचे स्क्रू आणि वळण्याचा खांब यांना ग्रीस भरा. जुने बोल्ट परत लावताना आट्यांना मरीन ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वर्षी इम्पेलर बदलताना ते सरळ सुटतील. जुना इम्पेलर अगदीच फाटलेला नसेल तर तो फेकू नका. एक पाना, दोन प्लग, एक स्क्रूड्रायव्हर, सुरुवातीची दोरी तुटली तर फ्लायव्हीलला गुंडाळायला गाठ मारलेली दोरी आणि तो इम्पेलर, हे सगळं प्लास्टिकच्या डब्यात बंद करून होडीत ठेवा, आणि वल्ही कधीच घरी ठेवू नका.